कॉन्ट्रॅक्टर बदलतो, माणूस तोच राहतो

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या मराठी घरांतून कितीतरी जण मकरपुरा, नंदेसरी, रणोलीच्या कंपन्यांत टाइम ऑफिस आणि एचआरमध्ये आहेत. ही पोस्ट मुख्यतः त्यांच्यासाठी. मीही याच खात्यातला.

कंपनी आपल्या माणसांकडे कशी बघते, हे ॲन्युअल डेच्या भाषणातून कळत नाही. ते लेबर कॉन्ट्रॅक्टचं टेंडर निघतं तेव्हा कळतं. ज्याचा सर्व्हिस चार्ज कमी, त्याला काम. जुना कॉन्ट्रॅक्टर जातो, नवा येतो. बॉयलरवरचे हेल्पर, पॅकिंगमधल्या बायका, लोडिंगवाले सगळे जागच्या जागी असतात, फक्त गेटपासवर वेगळं नाव येतं. कागदावर मात्र जुन्याकडे राजीनामा आणि फुल अँड फायनल हिशेब, नव्याकडे नवीन जॉइनिंग. पीएफ निदान यूएएनमुळे, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या खाते क्रमांकामुळे, माणसाबरोबर जातो. नोकरीची वर्षं जात नाहीत.

ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाला, एकाच मालकाकडे सलग ५ वर्षं लागतात. हिशेब दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराचा, महिना २६ दिवसांचा धरून. बेसिक आणि डीए मिळून १३,००० असेल तर वर्षाचे ७,५०० होतात, १२ वर्षांचे ९०,०००. पण कॉन्ट्रॅक्टर दर तीन वर्षांनी बदलला तर त्या माणसाच्या हातात एक रुपया पडत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला एका वर्षातच ग्रॅच्युइटीचा हक्क आला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कॉन्ट्रॅक्टरकडचा माणूस त्यात आपोआप बसत नाही.

आमच्या प्लांटमध्ये नंदुरबारकडचे एक भाऊ आहेत. पंपाच्या बेअरिंगपाशी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि सांगतात, "साहेब, आठ दिवस काढेल, जास्त नाही." ट्रेनी इंजिनियर येतात ते पहिले सहा महिने त्यांच्याच मागे फिरत शिकतात. पण ट्रेनिंग रजिस्टरमध्ये भाऊंचं नाव नाही, सजेशन स्कीममध्ये नाही, लाँग सर्व्हिस अवॉर्डच्या यादीत तर नाहीच.

याचं कारण दुष्टपणा नाही, भीती आहे. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टील अथॉरिटी या सरकारी कंपनीच्या खटल्यात सांगितलं की कॉन्ट्रॅक्ट बंद झालं म्हणून कामगार आपोआप कंपनीचा होत नाही. पण कॉन्ट्रॅक्ट नुसता देखावा होता असं सिद्ध झालं, तर तो कंपनीचाच. तेव्हापासून वकिलांचा सल्ला ठरलेला: त्यांची रजा तुम्ही मंजूर करू नका, त्यांना थेट काम सांगू नका, आपल्या नावाचा युनिफॉर्म देऊ नका. म्हणजे माणसाला जितकं आपलं मानाल तितका धोका! या सल्ल्याने आपलं सगळं खातं वाकडं झालंय असं माझं स्पष्ट मत आहे. केस टळावी म्हणून आपण माणसाला ओळख दाखवत नाही.

आणि हे गुजरातेत घडावं याचं जास्त वाईट वाटतं. १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे संशोधक ए. के. राइस आले होते. ऑटोमॅटिक माग बसवले होते, तरी उत्पादन वाढत नव्हतं, कारण कामाचे इतके तुकडे पाडलेले की पूर्ण मागाची जबाबदारी कुणाचीच नव्हती. छोट्या गटाकडे ठरावीक माग सोपवायची कल्पना निघाली, कामगारांनी ती उचलून धरली आणि गट स्वतःच जुळवले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. एकमेकांना ओळखणारी, टिकून राहणारी माणसं असतील तरच हे जमतं. दर टेंडरला ज्याची नोकरी पहिल्या दिवसावर येते, त्याच्याकडून ती आपुलकी कुठल्या तोंडाने मागायची?

कायम करा असं मी म्हणत नाही, तो मोठा वाद आहे. टेंडरमध्ये एवढंच घाला: ग्रॅच्युइटीपोटी बेसिक-डीएचे ४.८१ टक्के (वर'च्या १५ दिवसांच्या हिशेबाने महिन्याला येतात तेवढे) रेटमध्ये वेगळे दाखवायचे, कॉन्ट्रॅक्टर बदलला की ती रक्कम त्या माणसाच्या नावाने पुढे न्यायची, आणि तो गेटमधून पहिल्यांदा आत आला ती तारीख कंपनीने स्वतःच्या रेकॉर्डला ठेवायची. रेट वाढेल असं परचेसवाले म्हणतात. वाढेलच, शंभरामागे पाच रुपयांहून कमी. आमच्याकडे मी ही अट लिहून दिली आहे. तुमच्या कंपनीत टेंडर निघत असेल तर मसुदा माझ्याकडून घ्या, इनबॉक्समध्ये पाठवतो.