अर्जात न आवडणारा मेजर लिहावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा की, ‘लिबरल आर्ट्‌स कॉलेजात इच्छित मेजरमुळे प्रवेश सहसा अडत नाही’ हे माझं विधान पालकांची दिशाभूल करतं. (लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे मुख्यतः पदवीचं शिक्षण देणारं लहान अमेरिकी कॉलेज; मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय.) कम्प्युटर सायन्सला गर्दी असते, म्हणून तुमच्या भाचीने क्लासिक्स (प्राचीन भाषा आणि साहित्य) लिहून आधी आत जावं आणि मग विषय बदलावा, असं तुम्ही सुचवता. हा सल्ला तिचं नुकसान करेल, म्हणून सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

आपल्याकडे कॅप राउंडमध्ये शाखावार जागा ठरलेल्या असतात. अमेरिकेतही इलिनॉय (अर्बाना-शॅम्पेन) किंवा कार्नेगी मेलनसारख्या विद्यापीठांत कम्प्युटर सायन्सचा प्रवेश वेगळा आणि अतिशय कठीण असतो. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, पोमोना इथे तसं नाही. तिथे प्रवेश कॉलेजात मिळतो, मेजर दुसऱ्या वर्षापर्यंत ठरवायचा असतो. कॉलेजं दरवर्षी जो कॉमन डेटा सेट भरतात, त्यातला ‘सी ७’ तक्ता उघडून पाहा. निवडीच्या निकषांत अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, गुण, निबंध, शिफारसपत्रं, अगदी राहण्याचं ठिकाणही आहे. इच्छित मेजरची ओळ नाही.

तरीही मेजर वाचला जातो, आणि बाकीच्या अर्जाशी ताडून पाहिला जातो. लहान विभागांना विद्यार्थी हवे असतात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्याचा फायदा झालाच तर ज्याने तो विषय खरोखर धरलाय त्याला. मेजर क्लासिक्स, संस्कृत दहावीनंतर सुटलेलं, शिफारसपत्रं गणित-फिजिक्सच्या शिक्षकांची आणि उपक्रमांत सगळं रोबोटिक्स, असा अर्ज ‘हाच विषय का’ या छोट्या निबंधात उघडा पडतो. शिवाय भाचीची जी सर्वात भक्कम बाजू, कोडिंगमधलं काम, ती अर्जात अधांतरी राहते.

अपवाद मात्र नीट तपासा. बकनेलमध्ये कला-विज्ञान, इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापन अशी तीन वेगळी कॉलेजं आहेत, अर्ज त्यांपैकी एकाला जातो. इंजिनिअरिंगमध्ये मागाहून जाणं कुठेही जड जातं, कारण गणित-फिजिक्सची साखळी पहिल्या सत्रापासून चालू होते. ती चुकली की चार वर्षांत पदवी बसवणं अवघड. ओबर्लिनमध्ये कॉन्झर्वेटरीला, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयाला, स्वतंत्र ऑडिशन लागते, आणि पाच वर्षांच्या दुहेरी पदवीसाठी दोन्हीकडे निवड व्हावी लागते.

कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक ऑनलाइन अर्जात, कॉलेज जोडल्यावर त्याचे स्वतःचे प्रश्न उघडतात. मेजरआधी एखादं ‘स्कूल’ (कॉलेजातला वेगळा विभाग) निवडायला सांगितलं, तर तिथे निवडीचा परिणाम होण्याची शक्यता धरा आणि प्रवेश कार्यालयाला ईमेलने दोन गोष्टी विचारा: या मेजरसाठी निवड वेगळी होते का, आणि आल्यावर त्यातल्या कोर्सना जागा मिळते का? दुसरा प्रश्न पालक विचारत नाहीत. प्रवेश मोकळा असूनही कम्प्युटर सायन्सच्या वर्गांत जागा अपुऱ्या पडू शकतात, आणि क्लासिक्स लिहून गेलेल्यालाही त्याच रांगेत उभं राहावं लागतं.

भाचीने कम्प्युटर सायन्सच लिहावं. दुसऱ्या पसंतीची जागा असेल, तर तिथे तिला खरोखर आवडणारा विषय जाऊ द्या; काहीच ठरत नसेल तर ‘अनिश्चित’ लिहिलेलंही चालतं, फक्त निबंधात तिला पडलेले दोन-तीन नेमके प्रश्न दिसले पाहिजेत.