भाच्याला धुरी द्यायची की नाही?

आमचा कट्टा चेंबूरचा, रात्री साडेनऊनंतर भरणारा. त्या दिवशी मी उशिरा पोचलो, कारण बहीण भाच्याला घेऊन दवाखान्यातून घरी आली होती. ३१ आठवड्यांचा जन्मलेला, पाच आठवडे काचेच्या पेटीत राहिलेला जीव. आईने आदल्या रात्रीच माळ्यावरची शेगडी काढून ठेवली होती. ओवा, वावडिंग, वेखंड, धूप सगळं तयार. मी "धुरी नको" म्हणालो आणि तिचे डोळे भरले. कट्ट्यावर येऊन हे सांगितलं, आणि तिथेच वाद पेटला.

"नको कशाला?" देसाई काका म्हणाले. "तुम्ही सगळे धुरीवरच वाढलात. अंघोळ झाली की शेक आणि धुरी, बाळ कसं शांत झोपायचं."

शैलेशचा राग वेगळाच होता. "काका, खिडकी उघडली की काय येतं घरात? इकडे रिफायनरी, तिकडे खत कारखाना, पलीकडे देवनारचा कचराडेपो. २०१६च्या जानेवारीत डंपिंग ग्राउंड पेटलं तेव्हा धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. त्या हवेत चिमूटभर ओव्याने असा काय फरक पडणार आहे?"

"पडतो," संध्या म्हणाली. ती नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. "तुम्ही दोघंही धुराबद्दलच बोलताय. तो धूर कुठे जाऊन बसतो ते बघा की."

मग तिने जे सांगितलं ते मी शक्य तितकं तिच्याच शब्दांत देतो. श्वासनळीला आतून पेशींचं अस्तर असतं. काही पेशी चिकट स्राव सोडतात, त्यात धूळ अडकते. काहींवर अतिशय बारीक केस असतात, ते सतत हलून ती धूळ घशाकडे ढकलत राहतात. तळाशी मूळ पेशी असतात. वरचं अस्तर खरचटलं की त्या वाढून जागा भरून काढतात. पोटात असताना फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात, या अस्तराला हवा ठाऊकच नसते. "तुझ्या भाच्याच्या अस्तराला नऊ आठवडे आधी हवा लागली. तीही नळीतून, दाबाने, जादा ऑक्सिजन मिसळलेली."

"पण आता वजन वाढलंय ना त्याचं?" काकांनी विचारलं.

"वजन वाढतं हो काका. पेशींचं तसं नसतं."

ऑस्ट्रेलियात पर्थच्या संशोधकांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केलेलं काम तिने सांगितलं. खूप लवकर जन्मलेली मुलं वर्षाची झाल्यावर त्यांच्या नाकातून पेशी घेतल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्या थरावर एक ओरखडा काढला. दिवस भरून जन्मलेल्या मुलांच्या पेशींनी तो ओरखडा भरून काढला, या मुलांच्या पेशी मागे पडल्या. वर्ष उलटून गेल्यावरसुद्धा! मला हे ऐकताना पोटात कालवलं. दिवसेंदिवस धुराने खरचटणार आणि भरून निघायला वेळ लागणार, हा त्याचा सरळ अर्थ.

शैलेशने लगेच विचारलं, "बाळ लवकर येणार असं दिसलं की त्याची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला देतात त्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांमुळे तर नाही?" संध्याने नाकारलं नाही. त्या संशोधकांनीही तसा संबंध असू शकतो असं म्हटलंय. पण पुढे ती जवळजवळ ओरडलीच, "१९७२मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी त्या इंजेक्शनाचा फायदा दाखवून दिला म्हणून ही बाळं श्वास घेतायत. त्याच्याविरुद्ध एक शब्द नको."

मग ती धुरातल्या कणांकडे वळली. सूक्ष्म धूलिकण, म्हणजे पीएम २.५, केसाच्या जाडीच्या पंचवीस-तीसाव्या हिश्श्याएवढे. नाकात अडत नाहीत, खोल जातात, पेशींना सूज आणतात, पेशी-पेशींमधले सांधे सैल करतात. धूर लाकडाचा, डिझेलचा की ओव्याचा, हे त्या अस्तराला कळत नाही. डासांच्या अगरबत्तीबद्दल तर २००३च्या एका अभ्यासात निघालं होतं की एक कॉइल पूर्ण जळली तर ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते. काका गप्प झाले. त्यांच्या घरी रोज रात्री कॉइल लागते, आणि नात दीड वर्षाची आहे.

मला मात्र मागचे सात महिने आठवत होते. बहिणीच्या खिडकीसमोर पुनर्विकासाचं पाडकाम चालू होतं, गॅलरीत रोज राखाडी थर. बेल्जियममध्ये २०१९ साली वारेच्या, म्हणजे प्लासेंटाच्या, बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले. दूषित हवेत दिवस भरण्याआधीच बाळ जन्मण्याचा धोका वाढतो, हेही माहीत आहे. आमच्या बाळाचं तसंच झालं असं मी म्हणू शकत नाही. पण आधी लवकर बाहेर यायला लावणारी आणि आल्यावर त्याच कच्च्या अस्तरावर बसणारी हवा एकच असू शकते, हा विचार डोक्यातून जात नाही.

"म्हणजे मी म्हणतो तेच," शैलेश म्हणाला. "बाहेरचं कोण थांबवणार?"

"थांबतं रे," संध्या म्हणाली. "दक्षिण कॅलिफोर्नियात हवा सुधारली, तशी १५व्या वर्षी फुप्फुसं कमजोर असलेल्या मुलांचं प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ३.६वर आलं. २०१५मध्ये छापून आलंय. पाडकामाभोवती पत्रे आणि कापड लावायचा पालिकेचा नियम आहे. केलीस तक्रार?"

शैलेशने केली नव्हती. मीही नव्हती.

राहिली आई. संध्याने मला विचारलं, "शेगडी कशासाठी असते? उबेसाठीच ना? मग ऊब द्या, धूर कशाला?" १९७०च्या दशकाअखेरीस कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी पेट्या पुरेनात म्हणून बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली होती. तीच आपली 'कांगारू' पद्धत. आईच हवी असं नाही, आजीलाही जमतं.

घरी गेलो, आईला एवढंच सांगितलं. तिने आधी विचारलं, "मला चालेल?" दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर भाचा तिच्या छातीशी होता, वरून तिचं जुनं लुगडं. शेगडी अजून स्वयंपाकघरात आहे, पण रिकामी. पाडकामाची तक्रार मी आणि शैलेशने मिळून केली आहे. पत्रे अजून लागलेले नाहीत.