पॅरिसच्या दौऱ्यात मॅजिक जॉन्सनला एड्स झाला नव्हता

माझी भाची नववीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड खेळते. त्या संघाच्या पालकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. तो वाचून एका आईने विचारलं, सामन्यात मुलींना खरचटतं, तर आधी सगळ्यांच्या रक्ताची तपासणी करून घ्यायची का? त्यावर चार जणांनी अंगठे टाकले. भाचीने तो मजकूर मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, हे खरंय का गं?"

नाही. बहुतेक सगळं खोटं आहे. मजकूर थोडक्यात असा: 'मॅकडोनाल्ड्स ओपन ही बास्केटबॉलची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. सोल ऑलिंपिकमध्ये हरल्यावर अमेरिकेने सूड म्हणून ती सुरू केली, नियम बदलायला लावले आणि एनबीएचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे) खेळाडू घुसवले. पण एनबीएचे संघच युरोपच्या क्लबांकडून हरू लागले. त्यात १९९१ साली पॅरिसच्या दौऱ्यात मॅजिक जॉन्सनला (लॉस एंजेलिस लेकर्स या एनबीए संघाचा नामवंत खेळाडू) मैदानावरच्या जखमेतून एड्स झाला. खेळाडू घाबरले, स्पर्धा कायमची बंद पडली. आपल्या मुलांना जपा.'

आधी सोलचं बघू, कारण ते दोन तारखांत निकालात निघतं. सोलला उपांत्य सामन्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेला ८२-७६ असं हरवलं ते सप्टेंबर १९८८ मध्ये. ही स्पर्धा सुरू झाली ऑक्टोबर १९८७ मध्ये, मिलवॉकी शहरात. तिथे एनबीएचा मिलवॉकी बक्स, इटलीचा मिलानचा क्लब आणि सोव्हिएत राष्ट्रीय संघ असे तिघेच होते. जी हार व्हायला अजून वर्ष होतं, तिचा सूड कसा घेणार?

नियम कोणी बदलले, तेही ऐका. एनबीएच्या खेळाडूंना ऑलिंपिकची दारं उघडली ती आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, एप्रिल १९८९ मध्ये म्युनिचला मतदान घेऊन. ५६ मतं बाजूने, १३ विरोधात. अमेरिकेच्या संघटनेचं मत विरोधात होतं! या बदलाचा आग्रह वर्षानुवर्षं धरला तो महासंघाचे सरचिटणीस बोरिस स्टँकोविच यांनी. ते युगोस्लाव्हियाचे, शिक्षणाने गुरांचे डॉक्टर. जगातले सर्वोत्तम खेळाडूच जागतिक स्पर्धेत नसतील तर तिला अर्थ काय, असं त्यांचं म्हणणं होतं. मॅकडोनाल्ड्स ओपन हे त्याच वाटेवरचं पाऊल. या माणसाचं श्रेय काढून ते 'अमेरिकेच्या सुडाला' देणं मला सहन होत नाही.

आता ज्याच्यामुळे लिहायला बसले तो मुद्दा.

१९९१ च्या ऑक्टोबरमध्ये लेकर्स पॅरिसला गेले. अंतिम सामन्यात त्यांनी स्पेनच्या होव्हेंतूत बादालोना क्लबला ११६-११४ असं हरवलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मॅजिक जॉन्सनच ठरला. परतल्यावर सराव सामन्यासाठी संघ सॉल्ट लेक सिटीत असताना, २५ ऑक्टोबरला, संघाच्या डॉक्टरांनी त्याला लॉस एंजेलिसला बोलावून घेतलं. आयुर्विम्यासाठी केलेल्या तपासणीत त्याला एचआयव्हीची लागण असल्याचं निघालं होतं. ७ नोव्हेंबरला त्याने स्वतः पत्रकारांसमोर ते सांगितलं आणि निवृत्ती जाहीर केली.

पॅरिसचा सामना आणि डॉक्टरांचा तो फोन यांच्यात आठवडाभराचंच अंतर आहे. त्या काळची तपासणी रक्तातली प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधायची, आणि लागण झाल्यावर ती सापडण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणजे पॅरिसला लागण झाली असती तर या तपासणीत ती दिसलीच नसती. शिवाय त्याला एड्स झालेला नव्हता, एचआयव्हीची लागण होती. एचआयव्ही हा विषाणू; एड्स ही त्याच्यामुळे पुढे येऊ शकणारी आजाराची अवस्था. हा फरक त्याने त्या पहिल्या पत्रकार परिषदेतच स्पष्ट केला होता. तो माणूस आजही हयात आहे.

मैदानावरच्या जखमेची भीती तेव्हा एनबीएमध्येही होती, हे मान्य करते. १९९२ च्या ऑल-स्टार, म्हणजे एनबीएच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात जॉन्सन खेळला, २५ गुण केले, सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. तरीही त्याने पुन्हा एनबीएत उतरायचं ठरवल्यावर कार्ल मलोनसारखा मोठा खेळाडू उघडपणे धास्ती बोलून दाखवू लागला. अशा वातावरणात ऑक्टोबर १९९२ मध्ये चॅपल हिलला क्लीव्हलँडच्या संघाविरुद्ध लेकर्सचा सराव सामना झाला. जॉन्सनच्या हाताला बारीकसा ओरखडा आला. संघाचे ट्रेनर गॅरी व्हिटी यांच्या खिशात हातमोजे होते. त्यांनी ते काढले नाहीत. उघड्या हातांनी औषध लावून पट्टी बांधली, सगळ्या स्टेडियमदेखत. यापासून धोका नाही असं खेळाडूंना सांगायचं आणि स्वतः हातमोजे घालायचे, हे त्यांना पटलं नाही. मला त्या सगळ्या वर्षातली ही सर्वात शहाणपणाची कृती वाटते. तरी कुजबुज थांबली नाही आणि थोड्याच दिवसांत जॉन्सन पुन्हा निवृत्त झाला. १९९६ साली परत येऊन तो बत्तीस सामने खेळला.

एचआयव्ही पसरतो तो असुरक्षित शरीरसंबंधांतून, दूषित रक्तातून किंवा सुईतून, आणि आईकडून बाळाला. घामातून, टाळी देण्यातून, एकाच बाटलीतून पाणी पिण्यातून नाही. रक्त येत असेल तर खेळाडूला बाहेर घेऊन जखम झाकायची, हा नियम आज सगळीकडे आहे आणि तो पुरेसा आहे. मुलींना खेळू देण्याआधी रक्ताच्या चाचण्या मागणाऱ्यांना २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा माहीत असावा. संमतीशिवाय अशी तपासणी करता येत नाही, आणि शाळेत त्यावरून भेदभाव करणं बेकायदेशीर आहे. शंका असेल त्यांनी १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करावा. ग्रुपवर विचारू नये.

पॅरिसनंतर स्पर्धा बंद पडली, हेही खोटंच. १९९२ ला ती झाली नाही, इतकंच खरं. पुढे ती एक वर्षाआड होऊ लागली: १९९३ म्युनिच, १९९५ लंडन, १९९७ पॅरिस, १९९९ मिलान. मायकेल जॉर्डनचा शिकागो बुल्स संघ १९९७ साली त्याच पॅरिसमध्ये येऊन जिंकून गेला.

राहिला एनबीए संघांच्या हरण्याचा मुद्दा. विजेत्यांची यादी उघडा: नऊ स्पर्धा, नऊही वेळा एनबीएचा संघ विजेता. एकही सामना ते हरले नाहीत. शेवटच्या अंतिम सामन्यात सॅन अँटोनियो स्पर्सने ब्राझीलच्या वास्को द गामाला १०३-६८ असं हरवलं. हरण्याच्या भीतीने स्पर्धा गुंडाळणाऱ्यांचा हा गुणफलक नव्हे.

काही सामने मात्र अटीतटीचे झाले, ते नाकारत नाही. १९८९ ला रोममध्ये डेन्व्हरच्या एनबीए संघाला युगोस्लाव्हियातल्या स्प्लिटच्या क्लबविरुद्ध १३५-१२९ असं झुंजावं लागलं. १९९० ला न्यूयॉर्क निक्सना इटलीच्या पेझारो क्लबने जादा वेळेपर्यंत खेचलं. एनबीएचा हंगाम तेव्हा सुरूही झालेला नसायचा, म्हणजे त्यांचे संघ पुरते तयारीत नसत, हेही खरं. युरोपच्या क्लबांनी एनबीए संघांना हरवलंय, पण या स्पर्धेबाहेर. इस्रायलच्या मक्काबी तेल अवीवने १९७८ मध्ये तेव्हाच्या एनबीए विजेत्या वॉशिंग्टन बुलेट्सना आपल्या मैदानावर ९८-९७ असं, आणि २००५ मध्ये टोरांटोच्या एनबीए संघाला त्यांच्याच घरी १०५-१०३ असं हरवलं. पहिला विजय स्पर्धा जन्मायच्या नऊ वर्षं आधीचा, दुसरा ती संपल्यानंतर सहा वर्षांनी.