बुडालेल्या आगगाडीचं बारसं

तुमची रेल्वे कंपनी बुडाली आहे का? धीर सोडू नका. रूळ तेच ठेवा, इंजिनं तीच ठेवा, फक्त बारसं नव्यानं करा. घुगऱ्यांचा खर्च भागधारक देतात.

धडा गिरवावा तो अमेरिकेतल्या ईरी कंपनीकडून. १८३२ साली सनद मिळाली तेव्हा ती होती 'न्यूयॉर्क अँड ईरी रेलरोड'. १८५९ मध्ये दिवाळं वाजलं आणि १८६१ मध्ये बाई 'ईरी रेल्वे' होऊन पुन्हा उभ्या! रेलरोड काय, रेल्वे काय, अर्थ एकच. पण दिवाळं निघालं की धनको जुनी मालमत्ता नव्या कंपनीच्या पदरात घालतात. तिला कागदावर नाव तेवढं वेगळं लागतं, ते एवढ्यावर भागतं. (मराठीत दोन्ही रेल्वेच. आपण मागे का राहिलो, कळलं?)

नवं नाव मिळालं की शेअर छापा. १८६८ मध्ये रेल्वेसम्राट व्हँडरबिल्ट ईरी गिळायला निघाले. ते शेअर घेत गेले, ड्रू, फिस्क आणि गूल्ड हे ईरीच्या संचालकांचं त्रिकूट नवे छापत गेलं. अटकेची वेळ आली तेव्हा त्रिकूट रोकड घेऊन हडसन नदीपलीकडे, जर्सी सिटीत. पाणी घालणारा गवळी यांच्यापुढे सज्जन. त्याच्या चरवीत थोडं तरी दूध असतं.

१८७५ मध्ये पुन्हा दिवाळं. १८७८ मध्ये नाव झालं 'न्यूयॉर्क, लेक ईरी अँड वेस्टर्न रेलरोड'. कर्ज वाढलं की नाव लांबवावं, वाचतावाचता धनकोला धाप लागते. १८९३ मध्ये तेही बुडालं आणि १८९५ मध्ये उरलं नुसतं 'ईरी रेलरोड'. वॉबॅश कंपनीनं तर डोक्याला तापच दिला नाही: १८८९ मध्ये रेलरोड, १९१५ मध्ये रेल्वे, १९४२ मध्ये परत रेलरोड. रंगाऱ्यानं अर्धीच पाटी पुसायची.

एक चूक मात्र टाळा. १९३८ मध्ये ईरी पुन्हा बुडाली आणि १९४१ मध्ये सावरली ती नाव न बदलताच. भोगलंही लगेच: दुसऱ्याच वर्षी साध्या शेअरवर चक्क लाभांश द्यावा लागला, कित्येक दशकांनी!

पुढे अक्कल आली. १९६० मध्ये लॅकवॉना कंपनीशी विलीनीकरण होऊन 'ईरी-लॅकवॉना रेलरोड', १९६३ मध्ये मधली आडवी रेघ गाळली, १९६८ मध्ये रेलरोडची रेल्वे. १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाच्या पुरानं मार्गाची दैना केली आणि कंपनी परत कोर्टात. ती रेघ परत घालून बघायचं कुणाला सुचलं नाही.