रांग चारच दिवसांची

१४ सप्टेंबर २००७. इंग्लंडातल्या न्यूकॅसलला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. सकाळी कामावर निघालो, तर नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखेबाहेर ही लांब रांग. बँक बुडणार या भीतीनं सगळे पैसे काढायला आलेले. बहुतेक माणसं साठीपुढची. एका आजीबाईंनी घडीची खुर्ची आणली होती, शेजारी थर्मास, मांडीवर रुमालात गुंडाळलेलं पासबुक. मला अंबाजोगाईतली रॉकेलची रांग आठवली. फरक एवढाच, की इथं कुणी डबा ठेवून घरी गेलेलं नव्हतं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमचा कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. ग्रॅच्युइटीचे पैसे तिनं एका मल्टिस्टेटमध्ये, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेत, ठेवले आणि त्या मल्टिस्टेटचं शटर खाली आलं. बीड, जालना, संभाजीनगरकडं हे आता घरोघरचं दुखणं आहे. पुण्याच्या मामेभावानं लिहिलं, "तेरा टक्के घेताना गोड लागले, आता रडून काय उपयोग?" केजच्या चुलतभावाचं म्हणणं, सरकारनं भरून द्यावेत. मग तिसऱ्यानं मला मध्ये ओढलं: "तिकडं परदेशात असलं होतंय का? सांगा की दादा."

होतंय. जानेवारी २०१९ मध्ये इथली लंडन कॅपिटल अँड फायनान्स नावाची कंपनी बुडाली. आठ टक्क्यांपर्यंत व्याजाच्या आशेनं सुमारे ११ हजार ६०० लोकांनी तिच्यात २३ कोटी ७० लाख पौंड घातले होते. त्यात आयुष्यभर जपून खर्च केलेले पेन्शनर भरपूर. कंपनीकडं नियामकाचा परवाना होता, पण ती विकत होती ते रोखे त्या नियमांत येत नव्हते. लोकांनी परवाना वाचला आणि पैसे दिले. आपल्याकडं "सरकारमान्य" वाचून देतात तसेच. शेवटी बोंबाबोंब झाल्यावर सरकारनं बऱ्याच जणांना मुद्दलाच्या ८० टक्क्यांपर्यंत, पण ६८ हजार पौंडांच्या मर्यादेत, भरपाई दिली. तेव्हा गोरा माणूस हुशार आणि आपला लोभी, हा हिशोब मामेभावानं सोडून द्यावा.

त्या आजीबाईंचं गणित तर चोख होतं. तेव्हाच्या नियमानं बँक बुडाली तर पहिले २ हजार पौंड पूर्ण सुरक्षित आणि पुढच्या ३३ हजारांचे ९० टक्केच. म्हणजे ३५ हजार ठेवलेल्याचे ३ हजार ३०० गेलेच, आणि उरलेले कधी मिळतील ते कुणीच सांगेना. अशात रांगेत उभं न राहणारा वेडा म्हणायचा. १७ तारखेला, सोमवारी संध्याकाळी अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी सगळ्या ठेवींची हमी सरकार घेतं असं जाहीर केलं आणि रांगा विरल्या. पुढं फेब्रुवारी २००८ मध्ये बँक सरकारनं ताब्यात घेतली. भागधारकांचे पैसे बुडाले, ठेवीदाराचा पेनीही नाही. आज इथल्या कुठल्याही शाखेत ठेवीच्या हमीची मर्यादा लिहिलेलं स्टिकर दिसतं.

आपल्याकडं हे शहाणपण त्याआधीच आलं होतं, आणि तेही शेजारून. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्याच वर्षी केरळातली पलाई सेंट्रल बँक. त्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला, तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. १९९३ मध्ये ती १ लाख झाली आणि तिथंच २७ वर्षं थिजली. २०१९ मध्ये मुंबईत पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढायची मुभा. त्यानंतर २०२० मध्ये मर्यादा ५ लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीनं हे पैसे ९० दिवसांत द्यायचं बंधन आलं. थोडक्यात, कुणीतरी बुडाल्याशिवाय आपला कायदा कूस बदलत नाही.

आणि हा विमा बँकेच्या उंबऱ्यावर थांबतो. सहकारी बँकेला आहे. पतसंस्थेला नाही, मल्टिस्टेटला नाही. पण अंबाजोगाईत मल्टिस्टेटला सगळे बँकच म्हणतात. का म्हणू नये? सरकारी बँकेत गेलं की लिंक नाही, साहेब जेवायला गेलेत, पीककर्जाची रांग दारापर्यंत. मल्टिस्टेटमध्ये एसी, चहा, "या बाई, बसा". पिग्मीवाला मावशीचाच जुना विद्यार्थी, रोज दारावर येणारा. सोयाबीनची पट्टी, उसाचं बिल, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले उरलेले चार पैसे, सगळं तिथंच गेलं. दामदुप्पटीची हाव होती, नाही कशाला म्हणू. पण मावशीनं पैसे ठेवले ते त्या पोराच्या तोंडाकडं बघून.

माझंही सांगून टाकतो. २०२१ मध्ये इथल्या मध्यवर्ती बँकेचा, बँक ऑफ इंग्लंडचा, व्याजदर ०.१ टक्का होता. मावशीकडून तेरा टक्के ऐकले आणि मीच वडिलांना म्हणालो, आपलेही थोडे ठेवा. रिझर्व्ह बँक, विमा, नोंदणी, काही म्हणता काही विचारलं नाही. २००७ ची रांग डोळ्यांनी बघितलेला माणूस मी. त्यामुळं ग्रुपवर प्रवचन झोडायचा हक्क मला नाही.

चुलतभावाचं "सरकारनं भरावेत" मला पुरतं पटत नाही, कारण ते पैसे शेवटी ज्यांनी एक रुपयाही ठेवला नव्हता त्यांच्याच खिशातून जाणार. पण ठेवी गोळा करायच्या तर विम्याचा हप्ता भरा, नाहीतर काउंटरवर आणि पावतीवर ठळक मराठीत "या ठेवीला विमा नाही" असं लिहा, एवढी सक्ती करायला कुणाचं काय जातं? मल्टिस्टेटचा निबंधक बसतो दिल्लीत, ठेवीदार केजला. आज गुन्हा नोंदवायचा, १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्त व्हायची, मग लिलाव, मग वाटप. तोवर सत्तरीच्या बाईनं तारखा मोजायच्या.

परवा मावशीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं पावती दाखवली, पिशवीत घालून कपाटात जपलेली, तिला लॅमिनेशनसुद्धा केलंय. मी तिला रांगेची गोष्ट सांगितली, घडीच्या खुर्चीसकट.

"किती दिवस होती रे ती रांग?"

"चार."

"चारच?" ती म्हणाली. "मग त्या बाईनं खुर्ची कशाला आणली?"