"मदत बंद करा, युद्ध थांबेल": सुदानमध्ये हे करून झालं आहे

सध्या फिरणारा मजकूर असा: "गृहयुद्धात धान्य पाठवणं म्हणजे आगीत तेल ओतणं. ते बंदूकवाल्यांच्या पोटात जातं आणि युद्ध लांबतं, हे अभ्यासाने सिद्ध झालं आहे. मदत थांबवा, दोन्ही बाजू मुकाट बोलणीला बसतील. शांततेचं मुत्सद्दी बघून घेतील." उदाहरण म्हणून बहुतेक वेळा सुदानचं नाव येतं. म्हणून उत्तरही सुदानचंच घेऊ. एकेक मुद्दा पाहू.

"मदत थांबवली की बोलणी सुरू होतील."

15 एप्रिल 2023 पासून सुदानचं सैन्य आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस म्हणजे आरएसएफ एकमेकांशी लढत आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये सैन्याच्या बाजूच्या सरकारने शेजारच्या चाड देशातून पश्चिम सुदानमधल्या दारफुर प्रदेशात येणारा आद्रे या सीमेवरच्या ठाण्याचा मार्ग मदतीसाठी बंद केला. 1 ऑगस्टला दारफुरमधल्या एल फाशेर शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत उपासमारीची सर्वांत वरची पायरी गाठली गेल्याचं जाहीर झालं. आद्रे उघडलं ते त्यानंतर दोनेक आठवड्यांनी. एल फाशेरला आरएसएफचा वेढा पडला होता. तिथे माणसं अंबाज खाऊन जगत होती. अंबाज म्हणजे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड, जी एरवी जनावरांपुढे टाकतात. ऑक्टोबर 2025 मध्ये शहर आरएसएफच्या हाती पडेपर्यंत लढाई चालूच राहिली. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा तरुण स्वयंसेवक चालवत असलेली मोहल्ल्यांतली शेकडो सामूहिक स्वयंपाकघरं बंद पडली. तोफा तेव्हाही थांबल्या नाहीत.

कारण सरळ आहे. धान्य संपलं की आधी उपाशी पडतो तो बंदूक नसलेला. बंदूकवाला शेवटची कणगी हिसकावून घेतो, आणि त्याची रसद सोन्यावर व सीमेपलीकडून येणाऱ्या मालावर चालते.

जुना दाखलाही आहे. 1990 च्या दशकातल्या गृहयुद्धात खार्तुममधल्या सरकारने सुदानच्याच नुबा पर्वतातल्या बंडखोर भागात मदत जाऊ दिली नाही. 1989 मध्ये सुरू झालेल्या 'ऑपरेशन लाइफलाइन सुदान' या संयुक्त राष्ट्रांच्या मदतमोहिमेलाही तो भाग बंदच राहिला. मदत मिळायची ती सरकारी ताब्यातल्या वस्त्यांमध्ये, म्हणजे भुकेने लोकांना आपल्याकडे ओढायचं. युद्ध चालूच राहिलं. जानेवारी 2002 मध्ये तिथे शस्त्रसंधी झाली ती मदतीची वाट मोकळी करण्यासह. पुढे दोन्ही बाजूंचे मदत विभाग एकाच कार्यक्रमाच्या तत्त्वांवर सहमत झाले, आणि 2005 मध्ये व्यापक शांतता करार झाला. करार एकट्या मदतीमुळे झाला असं कोणी म्हणू नये. पण नाकेबंदीने तो जवळ आणला नव्हता, हे नक्की.

"धान्य बंदूकवाल्यांच्या पोटात जातं."

काही जातं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. डिसेंबर 2023 मध्ये आरएसएफने वाद मदनी हे शहर घेतलं, तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं गेलं. सुमारे 15 लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढा साठा एका जागी होता. गळती कुठे होते हे ठाऊक असतं, आणि उपायही बहुतेक ठाऊक आहेत.

गोदाम: लढाईची आघाडी सरकू शकते अशा गावात मोठा साठा करायचाच नाही. थोडा माल आणायचा आणि आला की लगेच वाटायचा. वाहतूक महागते, पण लुटण्याजोगा ढीग राहत नाही.

ट्रक: वाहतूकदाराला पैसे पोहोचलेल्या वजनावर द्यायचे, भरलेल्या नव्हे. तरी नाक्यावरची वसुली भाड्यात लपते. म्हणून कोटेशनमध्ये इंधन, चालक, दुरुस्ती असं वेगवेगळं मागायचं, आणि एकाच मार्गावर दर अचानक चढला की मधे नवा नाका बसला असं धरून चालायचं. सशस्त्र सोबत शक्यतो घ्यायची नाही. ती विकत घेणं म्हणजे एका बाजूला पगार देणं, आणि दुसऱ्या बाजूला मारायला लक्ष्य देणं.

यादी: सगळ्यांत जास्त खोट इथे असते. शेखने, म्हणजे वस्तीच्या मुखियाने, दिलेल्या लाभार्थ्यांच्या यादीत मेलेले असतात, दुसरीकडे गेलेले असतात, त्याचे नातेवाईक दोनदा असतात. ती चौकात मोठ्याने वाचायची आणि बायकांकडून वेगळी तपासून घ्यायची. हक्काचं माप चित्रासह फलकावर लावायचं. माणशी रोज 400 ग्रॅम ज्वारी धरली तर पाच जणांच्या घराला महिन्याला 60 किलो होते. एवढं वजन घेऊन निघालेली बाई वाटेत हेरली जाते. पंधरवड्याला 30 किलो दिले तर धोका उतरतो.

बाजार: मदतीचा शिक्का असलेलं पोतं दुकानात दिसलं की फोटो फिरतो. पण दळणाला आणि सरपणाला पैसे लागतात, म्हणून घरंच थोडी ज्वारी विकतात. सुटी, मापाने विकलेली ज्वारी बहुधा तीच. यावर उपाय दळणाची कुपनं. न उघडलेली पोती थप्पीने दिसली तर मात्र ती चोरी, आणि मग वितरण थांबवून मार्गच तपासायचा.

"अभ्यासाने सिद्ध झालं आहे."

2014 मध्ये नन आणि कियान या अर्थशास्त्रज्ञांचा शोधनिबंध आला: अमेरिकी धान्यमदत वाढली की गृहयुद्धं वाढतात आणि लांबतात. पद्धत अशी की अमेरिकेत आदल्या वर्षी किती गहू पिकला, त्यावरून मदतीचा परिणाम काढायचा. नंतर क्रिश्चन आणि बॅरेट यांनी दाखवलं की गव्हाचं उत्पादन आणि युद्धं या दोन्हींचे दीर्घकालीन चढउतार योगायोगाने जुळत होते, आणि निष्कर्ष बराचसा त्यावर उभा होता. मजकूर फिरवणारे पहिला निबंध सांगतात, दुसरा नाही.

"शांतता हे मदतवाल्यांचं काम नाही."

करार घडवणं त्यांचं काम नाही, हे मान्य. पण त्यांनी बसवलेला हातपंप भांडण लावू शकतो, आणि ते टाळणं त्यांचंच काम आहे. प्रचलित मानक असं: 500 माणसांमागे एक हातपंप, मिनिटाला 17 लिटर. आठ तास चालला तर 8,160 लिटर, म्हणजे माणशी 16 लिटर. हिशेब बरोबर दिसतो. दारफुरमध्ये त्याच पंपावर शंभर गुरं आली, तर प्रत्येकी 25 लिटरने 2,500 लिटर तिथेच गेले. विस्थापितांची रांग सकाळपासून उभी, गुराखी काठीने वाट काढतोय. शेतकरी आणि पशुपालक एकमेकांवर उठायला एवढं पुरतं.

म्हणून गुरांचं पाणी आराखड्यातच धरायचं. त्यांचा हौद वेगळा आणि कळपांच्या वाटेच्या बाजूला, माणसांचा पंप वस्तीच्या बाजूला. पाणी समितीत दोन्हीकडची माणसं हवीत, आणि पंपाचे सुटे भाग कोणाकडे राहणार हे आधी ठरायला हवं. तंटा झाला तर अजावीद, म्हणजे दोन्हीकडे मान असलेली मध्यस्थ मंडळी, बसवता येतात. मोसमी पावसानंतर कळप दक्षिणेकडे सरकतात, आणि काढणी झालेली शेतं चराईला खुली करायचा दिवस, तलैग, ठरतो. तो लवकर धरला तर उभं पीक जातं, उशिरा धरला तर जनावरं उपाशी राहतात. पाण्याची बैठक तलैग ठरण्याच्या आधी घ्यायची, कारण त्यानंतर दोन्ही गट एका जागी बसायला तयार होणं फार अवघड असतं.