कोहळंवाला सीन पुढं पळवणाऱ्यांनो

सकाळपासून झड लागली आहे. वावरात पाय ठेवायची सोय नाही, म्हणून दुपारी टीव्हीला पेनड्राइव्ह खोचला अन् 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा भाग, 'द रिटर्न ऑफ द किंग', लावला. कितव्यांदा ते विचारू नका, घरचे मोजतात.

पिच्चर 3 तास 21 मिनिटांचा. राज्याभिषेक होतो, खुद्द राजा त्या चार हॉबिटांपुढं, म्हणजे दुष्ट जादूची अंगठी नष्ट करायला निघालेल्या बुटक्यांपुढं, गुडघ्यावर येतो, पाठोपाठ सगळी प्रजा वाकते. माझ्या डोळ्यांना धार लागलेली. तेवढ्यात आमच्या पुतण्यानं रिमोट उचलला अन् पुढं पळवला. म्हणे, "काका, खतम झाला ना आता. याच्यापुढं नुसती रडापडी हाये."

मी असा ओरडलो की चुलीपाशी वहिनीच्या हातातली पळी खाली पडली.

बरं, पोरगा एकटा नाही. शेवट लांबला, पाच-पाच वेळा संपतो, हे मी वीस वर्षांपासून ऐकतो आहे. अरे, तिन्ही पिच्चर न्यूझीलंडात एकदमच शूट केले, या तिसऱ्याला 11 नामांकनं होती अन् 11 च्या 11 ऑस्कर घेऊन आला, ते काय फक्त हत्ती अन् घोडे पळवले म्हणून? ज्यांना तीस सेकंदांच्या रीलमध्येच सगळं पाहिजे त्यांनी पाहूच नये. रील पाहा, सुखी राहा.

ते चौघं गावात परत येतात. आपल्या नेहमीच्या अड्ड्यावर पेले घेऊन बसतात. मरणाच्या दारातून आलेत, त्यांच्यातल्या फ्रोडोचं, ज्याच्याकडं ती अंगठी होती, एक बोट तुटलेलं. आणि गावाचं लक्ष कुठं? एक म्हातारा भलंमोठं कोहळं छातीशी धरून येतो अन् सगळे त्या कोहळ्याभोवती गोळा. या चौघांना कोणी विचारत नाही, बाबांनो कुठं होता, काय झालं. ते एकमेकांकडं पाहतात, पेला उचलतात. संवाद नाही. आमच्या पोट्ट्यानं नेमकं हेच उडवलं.

2017 साल. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात फवारणीच्या विषानं वीसच्या वर माणसं गेली, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमचा दादा त्यातून वाचला. पोळ्याच्या काही दिवस आधी, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीला लागलेली, वारा तोंडावर, पाठीवर पंप. संध्याकाळी घरी आला तो भिंत धरून. "मले दोन-दोन बाया दिसून राह्यल्या," म्हणाला अन् आम्ही हसलो. हसलो आम्ही.

दवाखान्यात त्याचं मनगट पट्टीनं खाटेला बांधलेलं, कारण भ्रमात सलाईन उपटत होता. ती पट्टी मी रात्री थोडी सैल करायचो, नर्स ओरडली की पुन्हा आवळायचो. अकरा दिवस. घरी आणलं तो दिवस तान्ह्या पोळ्याचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा सण. ऑटोतून त्याला धरून उतरवलं तर रस्त्यावर पोरांची गर्दी, चाकाचे लाकडी बैल, घरोघर बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, मागणं चाललेलं. पारावर मोठी माणसं बसलेली. एकानं हात केला अन् म्हणाला, "आले का? या या, हा बैल पाहा, सागाचा हाये, गावात एवढा कोणाचाच नाही." दादानं मान हलवली. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात धुकं. काय दिसणार होतं त्याला?

मला त्या माणसाचा लय राग होता. आजही आहे. ठीक आहे, तान्हा पोळा वर्षातून एकदा येतो, पोरांनी काय दवाखान्याचा विचार करत बसायचं? मान्य. पण मोठ्यांनी तरी विचारायचं होतं.

हो, पिच्चरमध्ये उणिवा आहेत. अंगठी टाकायला गरुडांवर बसून आधीच का नाही गेले, याचं पटेल असं उत्तर माझ्याकडं नाही. वहिनी म्हणते बाया मोजून तीन. खरं आहे. त्यातली एक त्या काळ्या सरदाराला मारते म्हणून मी गप्प बसवतो तिला, पण खरं आहे.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. शेवटी फ्रोडो अंगठी आगीत टाकत नाही. कड्यावर उभा राहून म्हणतो, ही माझी. अंगठीच्या हव्यासानं वेडा झालेला गोलम त्याचं बोट चावून तोडतो अन् अंगठीसकट तोच पडतो, म्हणून जग वाचतं. म्हणजे ज्याला आपण हिरो म्हणतो तो जिंकून आलेला नाहीच. नुसता वाचून आलेला आहे. चार वर्षं झाली तरी खांद्याची जखम भरत नाही, घरात करमत नाही, मग जहाजात बसून निघून जातो. ही गोष्ट लिहिणारा टॉल्किन स्वतः 1916 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होता, जवळचे दोस्त त्या महायुद्धात गमावून आलेला. त्याला माहीत असणार, परत आल्यावर पारावर काय बोलतात ते.

या पिच्चरचं वेड मला दादानंच लावलं. लोडशेडिंगचे दिवस, लाइन रात्री यायची. तालुक्याहून सायकलवर तो सीडी प्लेयर भाड्यानं आणायचा, वर सीड्यांचा गठ्ठा. अर्धी आळी आमच्या ओसरीत. मशाली डोंगरामागून डोंगर पेटत जातात तिथं म्हातारे टाळ्या वाजवायचे.

आता तो बाजेवर आडवा पडून ऐकतो. घोड्यांच्या टापांवरून ओळखतो कोणता सीन आला ते. आज मी पुतण्यावर ओरडलो तेव्हा एवढंच म्हणाला, "मांगं घे ना बे. कायले कावतं लेकरावर."

पोट्ट्यानं गुपचूप मागं घेतलं. टिनावर पाऊस इतका की आवाज पूर्ण वाढवावा लागला. अड्डा आला, पेले आले.

"कोहळंवाला आला का?" दादा.

"आला."

"केवढं हाये?"

मी दोन्ही हात फाकवून दाखवले. मग लक्षात आलं, अन् घशातून शब्दच निघेना. रिमोट बाजूला ठेवून पोरगा म्हणाला, "बाबा, कवेत मावत नाही येवढं."